वीसच्या आत

उदगीरच्या मोंढ्यामागच्या गल्लीत सिद्धम्माच्या हाताला न भिणारा जीव एकच होता. ती म्हणजे तिची देवणी गाय, आणि तीसुद्धा त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात चारा छावणीत गेली. बाकी सगळी गल्ली तिला वचकून होती. भाजीवाला तिच्या दारासमोर आवाज खाली आणायचा. भांडणारे नवरा-बायको तिची चाहूल लागली की एकमेकांना सांभाळून घ्यायचे, कारण ती मध्ये पडली की मार दोघांनाही बसायचा आणि खरं कोणाचं हे शेवटपर्यंत ठरायचं नाही.

तिला नावं ठेवायला फार अक्कल लागत नाही. नवरा हमाल होता, तो ऐन तिशीत तुरीच्या पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून गेला. रडून झाल्यावर ती त्याच आडतीवर, तसल्याच थप्पीच्या सावलीत चाळणी घेऊन बसली. हे नावं ठेवणाऱ्यांनी एकदा करून बघावं. तिथल्या मुनिमानं एके दिवशी तिच्या पाठीवर हात फिरवला. तिनं नवऱ्याचा पोती ओढायचा लोखंडी हूक उचलला आणि त्या तळहातातून आरपार काढला. मुनीम बोंबलत दवाखान्यात गेला, आणि सिद्धम्मा उरलेली तूर चाळत बसली. पुढं मोंढ्यात तिच्या वाटेला कोणी गेलं नाही.

मारानं काम होतं हे तिला तिथं कळलं. मग तिनं तेच एक औषध प्रत्येक दुखण्यावर वापरलं, आणि सगळ्यात जास्त वापरलं ते चनबसवर, तिच्या एकुलत्या एक पोरावर. तिला बोलता येत नव्हतं असं नाही. मराठी यायची, कानडी यायची, मोंढ्यातली उर्दूही यायची. पण पोराशी बोलायची वेळ आली की हात आधी उठायचा आणि शब्द मागून यायचे. लाटणं, झाडणी, चाळणीची कड, जे हाताला लागेल ते. ताप आला तरी मार, कारण उन्हात गेलास कशाला. पहिला नंबर आला तरी एक टोला, कारण माजशील.

चनबसनं त्यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. आईची हाक कानावर पडली की तो डावं कोपर वाकवून डोक्यावर धरायचा आणि उकिडवा बसायचा. गल्लीतल्या पोरांनी त्याला ‘छप्पर’ नाव ठेवलं. ‘चनबश्या, छप्पर घाल, आई आली,’ म्हणून पोरं त्याला दिवसभर पळवायची. तो मोठा झाला, बोअरच्या जळालेल्या मोटारींत नव्या तारा भरून द्यायचं दुकान काढलं, कंधारची महादेवी बायको करून आणली, तरी सिद्धम्माचा आवाज चढला की त्याचं कोपर अर्ध्यापर्यंत जायचंच. मग तो कान खाजवल्यासारखं करायचा. गल्लीला हे माहीत होतं, महादेवीला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सिद्धम्माला मात्र ते कधी दिसलं नाही. तिला खाजवणारा हातच दिसायचा, आणि मग ती म्हणायची, ‘डोस्क्यात उवा झाल्या का काय तुझ्या?’

त्या वर्षी उदगीरला दोनच गोष्टींचा ध्यास होता. एक पाणी आणि दुसरा जिल्हा. लातूर एकेकाळी उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला, आता उदगीरला लातुरातून फुटायचं होतं. पाणी मिळणं कोणाच्या हातात नव्हतं, त्यामुळे लोक जिल्हा मागत होते. चनबस जिल्ह्याच्या समितीत होता. भिंतींवर घोषणा रंगवायचा, बोटांना निळा रंग लागलेलाच असायचा. समितीनं एक दिवस बंद पुकारला. दुकानं बंद, एसट्या बंद, लातूरच्या रस्त्यावर टायर पेटलेले. आणि नेमका त्याच दिवशी, कितीतरी दिवस वाट बघायला लावून, गल्लीत टँकर आला.

टँकर आला की काय होतं ते बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. बायका घागरी घेऊन धावल्या, धावताना एकमेकींना पाडलं, पडलेलीच्या हातावरून दुसरी गेली. रोज शेजारणीकडं विरजण मागणारीनं तिच्याच झिंज्या धरल्या. टँकरवाल्या हणमंतरावानं पाइप आधी नगरसेवकाच्या घरच्या हौदात सोडला आणि म्हणाला, ‘दम धरा, तिकडचं झालं की तुमचंच हाय.’

‘आमचं कवा व्हतंय?’ सिद्धम्मा म्हणाली. ‘खाली बुड लागल्यावर?’

‘आवं मावशी, मला वरून सांगितल्यालं हाय.’

‘वरून म्हंजे कोण? पाऊस सांगायलाय का तुला?’

बायका हसल्या, तसा हणमंतराव चिडला. त्यानं तिच्या खांद्याला धरून तिला मागं ढकललं. एवढंच व्हायचं होतं. सिद्धम्मानं त्याच्या हातातला व्हॉल्व्ह फिरवायचा लोखंडी पाना हिसकला. पहिला घाव त्याच्या दंडावर बसला, हाड वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं. दुसरा त्याच्या गुडघ्यावर. तिसऱ्याला तिनं दोन्ही हातांनी पाना उचलला आणि त्याच्या डोक्याचा नेम धरला. हणमंतराव खाली वाकला.

त्याच्या मागून चनबस येत होता. मधल्या गोंधळात त्यानं पाइपाच्या गळक्या सांध्याखाली दोन घागरी भरून घेतल्या होत्या, आणि आईला आवरायला तो त्या तशाच दोन हातांत घेऊन पुढं झाला होता. पाना त्याच्या डाव्या कानाच्या वर बसला.

घागरी सोडल्या असत्या तर कोपर वर गेलं असतं. तीस वर्षांची सवय होती, चुकली नसती. पण त्या उन्हाळ्यात उदगीरला भरली घागर हातातून सोडणारा माणूस सापडला नसता. तो जागीच हलला, मग दोन्ही घागरी एकेक करून जमिनीवर नीट टेकवल्या, थेंब सांडू दिला नाही, आणि मग खाली बसला.

‘काय न्हाई झालं,’ तो म्हणाला. ‘चल घरी.’

रक्त फारसं नव्हतं, नुसतं टेंगूळ. घागरी त्यानंच घरी नेल्या. सिद्धम्मा वाटभर त्याला शिव्या देत गेली, कारण तिला भीती वाटली होती आणि भीती वाटली की तिला एवढंच सुचायचं. मध्ये आलास कशाला, डोळे फुटले होते का, पुढाऱ्यांच्या मागं फिरून अक्कल गेली तुझी. महादेवीनं डोक्याला हळद लावली. तो पडतो म्हणाला. सिद्धम्मा दारातून ओरडली, ‘भर दुपारच्याला झोपा काढायलाय, मोठा जिल्हाधिकारी लागून गेलाय.’  आतून उलटी झाल्याचा आवाज आला, आणि मग महादेवीची किंकाळी. त्याच्या एका डोळ्याचं बुबुळ मोठं झालं होतं आणि एक लहान राहिलं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि तडक लातूरला न्या म्हणून सांगितलं. डोक्याच्या आत रक्त साचतंय, तिथं मेंदूचे डॉक्टर आहेत, वेळ घालवू नका. रुग्णवाहिका निघाली आणि लातूरच्या रस्त्यावर पेटलेल्या टायरांपुढं थांबली. पोरांच्या हातात दगड होते. चालकानं हात जोडले, तर एक दगड पुढच्या काचेवर आला. बंद म्हणजे बंद, असं त्यांचं म्हणणं होतं.

सिद्धम्मा खाली उतरली. तिच्या हातात काही नव्हतं. पुढं उभ्या असलेल्याच्या तिनं कानशिलात दिली, दुसऱ्याच्या हातातला दगड घेऊन त्याच्याच पायावर मारला, आणि जळता टायर चपलेनं ढकलत बाजूला न्यायला लागली. लुगड्याच्या काठानं पेट घेतला, तो तिनं मुठीत चुरगळून विझवला. मागून कोणीतरी तिच्या पाठीत काठी घातली, तिनं वळूनही पाहिलं नाही. मग एकानं रुग्णवाहिकेत डोकावून पाहिलं आणि बोंब मारली, ‘आरं, आपला चनबस हाय.’ तेव्हा कुठं टायर हटले. समितीचा एक पुढारी दाराशी येऊन हळहळला, ‘म्हणूनच म्हणतो मावशी, जिल्हा पायजे. जिल्हा झाला तर मेंदूचा डॉक्टर हितंच यील.’

‘तवर हा मेला की तुझं नाव देते जिल्ह्याला,’ सिद्धम्मा म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

लातूरला पोचल्या पोचल्या त्याला आत नेलं, कवटी उघडली, साचलेली गाठ काढली. बाहेर आल्यावर डॉक्टर तिला आणि महादेवीला बाजूला घेऊन बसले. माणूस शांत होता आणि सोपं बोलायचा, हे त्याचं नशीब, नाहीतर सिद्धम्मानं त्याच्याही गळपट्टीला हात घातला असता.

‘गाठ निघाली, पण मेंदू सुजलाय,’ ते म्हणाले. ‘कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आत सूज वाढली की मेंदूला जायला जागा नाही. म्हणून आत एक तार ठेवलीय. तिच्या टोकाला ज्वारीच्या कणीएवढी चिप आहे, सिलिकॉनची. तिच्यावर केसाहून पातळ पापुद्रा असतो. आतल्या दाबानं तो किंचित वाकतो, तसा विजेचा प्रवाह बदलतो, आणि दाब किती ते तिथं पडद्यावर दिसतं. आकडा वीसच्या आत राहिला पाहिजे. वीसच्या वर जाऊन तिथंच थांबला, तर कवटीचा तुकडा काढून ठेवावा लागेल. आणि तेवढ्यानंही उतरला नाही, तर माझ्या हातात काही राहणार नाही.’

महादेवी मोटारी भरणाऱ्याची बायको, तिला तारा आणि प्रवाह समजत होते. तिनं विचारलं, ‘ते बरोबर दाखवतंय कशावरून?’

‘आत घालायच्या आधी तिचं टोक वाटीभर शुद्ध पाण्यात बुडवून शून्यावर आणलंय. एकदा आत गेली की पुन्हा शून्य करता येत नाही, म्हणून ते काम आम्ही फार जपून करतो.’

‘तारंला पाणी पाजलं?’ सिद्धम्मा म्हणाली. ‘हितं माणसं पाण्यापायी एकमेकाची डोस्की...’

तिचं वाक्य तिथंच थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं बोलणं अर्धं सोडलं असेल.

पोलीसही येऊन गेले. महादेवीनं त्यांना जे होतं ते सांगितलं, सासूनं पाना मारला. सिद्धम्मानं मान हलवली. हवालदार जाणता होता. काचेतून पडद्याकडं बघत तो म्हणाला, ‘कलम कोणतं लावायचं ते आता ह्यो आकडाच सांगंल.’ सिद्धम्माला कलमाची पडली नव्हती. तिला फाशी दिली असती तरी तिनं दोर स्वतः वळून आणला असता. तिला पोरगा हवा होता.

आपल्याकडं माणूस बेशुद्ध पडला की त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं हाका मारतात. जीव उंबऱ्यापर्यंत गेलेला असतो, आपल्या माणसाची हाक ऐकून मागं फिरतो, असं म्हातारी माणसं सांगतात. सिद्धम्माच्या सासऱ्याला असंच दोन वेळा परत आणलं होतं. त्यामुळं तिला आत सोडलं तेव्हा तिनं दुसरं काही केलं नाही. डोक्याला पट्ट्या, तोंडात नळी, पट्ट्यांतून निघालेली ती बारीक तार. पडद्यावर पंधरा. ती त्याच्या कानाशी वाकली आणि मोंढ्याच्या या टोकाहून त्या टोकाला जाणाऱ्या आवाजात ओरडली, ‘चनबश्या, ऊठ रे. ऊठ म्हणते न्हवं.’

आकडा अठरा झाला, मग बावीस, मग अठ्ठावीस, आणि यंत्र टिंटिं करायला लागलं. पंचशीला सिस्टर धावत आली. हदगावकडची ही मुलगी कधी आवाज चढवायची नाही, पण तिच्या हुकमापुढं डॉक्टरही थांबायचे. तिनं आधी सलाईनच्या नळीतून औषध दिलं, मग सिद्धम्माला दंडाला धरून बाहेर काढलं.

‘यंत्रच खोटं बोलतंय तुमचं,’ सिद्धम्मा बाहेर भांडली. ‘पोरगं निजलंय आणि आकडा कसा चढतो?’

दुसऱ्या दिवशी सासू-सून दोघी आत गेल्या. महादेवी बराच वेळ त्याच्याशी बोलली. दुकानाची किल्ली मिळाली, छावणीतली गाय बरी आहे, असलंच काहीबाही. आकडा चौदाला चिकटून राहिला. सिद्धम्माला ते ऐकवेना. ती तिला ढोसून म्हणाली, ‘सर तिकडं, रडगाणं लावलंय.’ एवढंच. तेही तिच्या मानानं हळूच. आकडा वीसवर गेला, मग चोवीसवर.

महादेवी पडद्याकडं बघत राहिली आणि मग सासूकडं वळली. ‘तुमच्या आवाजानं चढतो ह्यो, आत्याबाई,’ ती म्हणाली. ‘झोपंतबी तुमचा मार चुकंना त्याला.’

सिद्धम्माचा हात उठला. सुनेच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथून खाली आला, कारण पडद्यावर सव्वीस होते.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सगळ्यांचं असं होत नाही. पण गुंगीतसुद्धा काही आवाज आत पोचतात, अंग ताठतं, आणि दाब वाढतो. ‘त्याच्या डोक्यात सध्या तेवढीही जागा शिल्लक नाही, मावशी. तुम्ही बाहेर बसलेलं बरं.’

लोकांना खोटं वाटेल, पण त्या वेळेपासून सिद्धम्मा गप्प झाली. नुसती त्याच्यापाशी नाही, साऱ्या जगापाशी. भिंती पातळ होत्या, आवाज कुठवर जाईल सांगता येत नव्हतं, तिनं धोका घेतला नाही. काचेबाहेर भिंतीला टेकून ती उभी राहायची आणि आकड्याकडं बघायची. खोकला आला तर पदर तोंडात कोंबून जिना उतरून खाली जायची. चहावाल्यानं पाणी घालून चहा दिला, तोही मुकाट प्याली. भांडल्याशिवाय तिला दिवस कंठता येत नव्हता, आणि तो राग सगळा आत साचत होता. तिच्या डोक्यात तसली तार घातली असती तर पडदा फुटला असता.

आणि मग कंधारहून शेषेराव आला. हा महादेवीचा थोरला भाऊ, अंगानं दांडगा, डोक्यानं तापट. बहिणीनं फोनवर रडून सगळं सांगितलं होतं, दवाखान्यातही सासू नवऱ्याला मारून टाकायला बसलीय असंही रागाच्या भरात बोलून गेली होती. तो जीपभर माणसं घेऊन आला. दारावरच्या पहारेकऱ्याच्या नाकावर एक ठोसा बसला, तो रक्त पुसत बाजूला झाला. जिना चढताना एकानं कुंडी लाथाडली, ती खाली जाऊन फुटली.

सिद्धम्मानं आवाज ऐकला. काचेतून पडद्याकडं पाहिलं, सोळा. माणसं पाच-दहा पावलांवर आली होती आणि शेषेरावाच्या हातात काठी होती. दुसरी कोणतीही वेळ असती तर तिनं ती काठी त्याच्या घशात घातली असती. ती वळली आणि त्यांच्यातूनच वाट काढत जिना उतरायला लागली.

‘पळायली बघा,’ कोणीतरी ओरडलं, आणि सगळे तिच्या मागं खाली धावले.

ती पळत नव्हती, त्यांना त्या काचेपासून लांब नेत होती. दवाखान्याच्या मागच्या अंगणात पाण्याचा कोरडा हौद होता, टँकर न आल्यामुळं त्याच्या तळाला भेगा पडलेल्या. तिथं जाऊन ती थांबली. पदराचा बोळा करून दातांत धरला आणि त्यांच्याकडं तोंड करून उभी राहिली.

पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी बरगडीत. ती गुडघ्यावर आली, तर एकानं पाठीत लाथ घातली. शेषेराव मारताना बोलत होता, ‘पोटच्या पोराला मारतीस? ऑं? बोल की आता. लई तोंड हाय न्हवं तुला?’ तिनं उजवा हात आडवा धरला, तो मनगटात मोडला. तोंडातून आवाज आला नाही. नाकातून रक्त येऊन पदराचा बोळा भिजला, तो तिनं आणखी घट्ट चावला. त्या हौदापासून चनबसच्या खोलीची वरची खिडकी दिसत होती, आणि ती मार खाताना तिकडंच बघत होती.

ओरडणाऱ्याला मारायला जोर येतो. गप्प राहणाऱ्याला किती मारणार? आधी बाकीचे थांबले, मग शेषेरावाचा हात ढिला पडला. त्याला वाटलं बाई मेली. तो वाकून बघायला लागला तर तिचे डोळे उघडे होते आणि त्याच्याकडं नव्हतेच.

महादेवी धावत खाली आली, मागून पंचशीला सिस्टर. महादेवीनं भावाच्या हातातली काठी ओढून घेतली आणि हौदात भिरकावली. ‘म्या बोललाव रागानं,’ ती भावाला म्हणाली. ‘म्हून जीव घ्यायचा का तिचा?’ सासूकडं मात्र ती गेली नाही. तिला जायचं होतं की नव्हतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

पंचशीलेनं सिद्धम्माचं डोकं मांडीवर घेतलं, मनगट तपासलं. ‘दुखतंय का? बोला माझ्याशी.’

सिद्धम्मानं तोंडातला बोळा काढला नाही. डावा हात वर करून तिनं खिडकीकडं दाखवलं, मग बोटं हलवली. किती?

‘चौदा,’ पंचशीला म्हणाली. ‘तुम्ही खाली आल्यापासून चौदाच आहे.’

तेव्हा ती रडली. पण तेही बिनआवाजी.

तिच्या हाताला प्लास्टर पडलं. शेषेरावावर तक्रार देता का म्हणून तोच हवालदार विचारायला आला, तिनं मान हलवून नाही म्हटलं. आकडा त्यानंतर खालीच राहिला, बारा, तेरा, अकरा. एके सकाळी डॉक्टर म्हणाले की सूज उतरली, आता झोपेचं औषध बंद करून बघू. दुपारपर्यंत त्यानं डोळे उघडायला हवेत, निदान हात हलवायला हवा.

दुपार झाली. डॉक्टरांनी त्याच्या नखावर पेन दाबलं, छाती चोळली, नावानं हाक मारली. काही नाही. महादेवीनं हाक मारली, आधी हळू, मग रडत. चनबस पडून राहिला. आकडा अकरावर जसा होता तसाच होता. महादेवी त्या स्थिर आकड्याकडं बघून पहिल्यांदाच घाबरली.

डॉक्टर पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘आई कुठंय? तिच्या आवाजाला तो हलायचा. तिला बोलवा.’

सिद्धम्माला दारातून आत आणताना पंचशीलेला जोर लावावा लागला. ती चौकट धरून उभी होती. मान हलवत होती, नको, नको.

‘आता जागा आहे त्याच्या डोक्यात,’ डॉक्टर म्हणाले. ‘थोडा चढू दे. चढला तरच तो आत आहे हे आपल्याला कळेल. घाबरू नका, मारा हाक.’

इतके दिवस आवाज वापरला नव्हता, पहिल्यांदा नुसता वारा निघाला. महादेवी तिच्याकडं बघत होती. त्या बघण्यात राग होता, पण त्याहून जास्त विनवणी होती. सिद्धम्मानं पलंगाची कड धरली.

‘चनबश्या,’ ती म्हणाली.

आकडा बारा झाला.

‘चनबश्या. ऊठ, मुडद्या. आई आल्याय.’

चौदा. सतरा. पंचशीला वाकून त्याच्या बोटांकडं बघायला लागली. एकोणीसवर आकडा थांबला आणि चनबसचा डावा हात चादरीवरून सरकला. आधी बोटं, मग मनगट. मग हात हळूहळू, जड वजन ओढत असल्यासारखा वर आला. कोपरात वाकला. थरथरत पट्ट्यांपर्यंत गेला आणि डोक्यावर आडवा राहिला. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडा आवळल्या, गुडघे पोटाशी यायला लागले.

खोलीत सगळ्यांचे श्वास एकदम सुटले. डॉक्टर हसले, म्हणाले की याहून चांगली खूण नाही, बघा, नेमका हात उचलला, कारण असल्यासारखा उचलला. महादेवी तोंडावर हात धरून हुंदके देत होती. तिनं सासूकडं पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडं वळवली.

सिद्धम्मानं त्याच्या कपाळाकडं नेलेला डावा हात मध्येच थांबला. तो तिनं हळूच मागं घेतला आणि पाठीमागं लपवला. कोपर तरीही खाली आलं नाही.

‘आवाज ओळखला बघा मावशी,’ पंचशीला म्हणाली. ‘आईला ओळखलं त्यानं.’

‘हाव,’ सिद्धम्मा म्हणाली. ‘ओळखलं.’